कोयता, कोपी आणि पडदा

स्थलांतरितांच्या प्रेमाचा सिनेमा म्हटले की आपल्याकडच्या अभ्यासकांना चटकन जर्मनीतील तुर्कांची आठवण होते. बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर लाखोंच्या संख्येने माणसे ऊस तोडायला बाहेर पडतात, त्यांची आठवण मात्र या संदर्भात सहसा होत नाही. हे दोन इतिहास शेजारी ठेवून पाहिले, तर मराठी चित्रपटाविषयी काही प्रश्न उभे राहतात. प्रस्तुत लेखात त्यांचा विचार करावयाचा आहे.

३० ऑक्टोबर १९६१ रोजी पश्चिम जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्यात कामगारभरतीचा करार झाला. आलेल्या माणसांना 'पाहुणे कामगार' म्हणत. त्यांनी काही काळ राबावे आणि परत जावे, अशी मूळ कल्पना होती. १९७३ साली भरती थांबली, पण माणसे परतली नाहीत. उलट त्यांनी बायकामुले बोलावून घेतली आणि पाहुण्यांचे रहिवासी झाले. नेमकी याच काळात महाराष्ट्रातही एक फेरी पक्की होत होती. १९५० च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी साखर कारखान्याचा पाया पडला, पुढच्या दोन-तीन दशकांत पश्चिम महाराष्ट्रात कारखाने वाढत गेले आणि त्यांना हंगामापुरते हात हवे झाले. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूर, वडवणी अशा कोरडवाहू तालुक्यांनी ते पुरविले. १९७२ च्या दुष्काळाने या वाटेवरची वर्दळ आणखी वाढली.

दोन्ही स्थलांतरांत एक मूलभूत फरक आहे. तुर्की मजूर राहिला. बीडचा मजूर आजही दरवर्षी जातो आणि दरवर्षी येतो. कारखाना बंद झाला की पाचटाची किंवा ताडपत्रीची कोपी मोडते आणि बिऱ्हाड पुन्हा गाडीवर चढते. जर्मनीने योजलेली पण न साधलेली 'फेरी' इथे, कोणत्याही कराराविना, केवळ मुकादमाच्या उचलीच्या बळावर पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिली आहे.

सिनेमाच्या दृष्टीने हा फरक निर्णायक ठरतो. जर्मनीत जन्मलेल्या वा वाढलेल्या मुलांच्या हाती पुढे कॅमेरा आला. तेवफिक बाशेर यांचा 'चाळीस चौरस मीटर जर्मनी' (१९८६) हा अजून पहिल्या पिढीचा चित्रपट. हॅम्बुर्गला आणलेल्या बायकोला नवरा खोलीत कोंडून ठेवतो आणि तिच्या वाट्याला येणारा परदेश तेवढ्याच क्षेत्रफळाचा असतो. फातिह आकिन यांचा जन्मच १९७३ साली हॅम्बुर्गमधला. त्यांच्या 'गेगेन दी वांड' या चित्रपटाला २००४ साली बर्लिन महोत्सवात सुवर्ण अस्वल मिळाले. त्यातील सिबेल घरच्या जाचातून सुटण्यासाठी जाहीट नावाच्या तुर्की वंशाच्याच माणसाशी नावापुरते लग्न करते. लग्न आधी, तेही व्यवहार म्हणून, आणि प्रेम नंतर. अधूनमधून बॉस्फोरसच्या काठावर बसलेला वाद्यवृंद पारंपरिक गाणी वाजवतो. ज्या संस्कृतीपासून पळायचे तिच्याच सुरांत प्रेमाचे दुःख मांडले जाते. अस्मिता ही इथे घोषणा नसते, जखमेसारखी अंगावर असते.

व्यवहार म्हणून लग्न हा प्रकार बीडकरांना नवा नाही. उसाच्या फडात 'कोयता' या शब्दाचा अर्थ केवळ हत्यार नव्हे. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल जोडीला मिळते, हिशेब जोडीचा होतो, खाडा पडला तर दंडही जोडीलाच बसतो. एकटा पुरुष 'अर्धा कोयता' ठरतो. जिथे दांपत्य हे श्रमाचे एकक आहे, तिथे लग्न लवकर होणे ओघानेच आले. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार जिल्ह्यातील विशीतल्या, म्हणजे वीस ते चोवीस वयाच्या, स्त्रियांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक जणींची लग्ने अठराव्या वर्षाआधी झालेली होती. यास दारिद्र्य, मुलीला मागे कुणाकडे ठेवावे ही चिंता, रूढी अशी अनेक कारणे आहेत. पण कोयत्याचे गणितही त्यांत आहे, हे नाकारता येणार नाही.

मराठी चित्रपटाने या माणसांकडे कसे पाहिले? जब्बार पटेल यांचा 'सामना' १९७५ साली बर्लिनच्या स्पर्धा विभागात होता. विजय तेंडुलकरांची पटकथा, निळू फुले यांचा हिंदुराव धोंडे पाटील आणि डॉ. श्रीराम लागू यांचा मास्तर या त्रयीने साखरेच्या सत्तेचे जे दर्शन घडविले, त्याला तोड नाही. परंतु त्या सत्तेचा ऊस तोडणारा माणूस त्या कथेच्या केंद्रात नाही. साखरसम्राट पडद्यावर आला, कोयता बाहेरच राहिला. त्यानंतर दीर्घकाळ मराठी ग्रामीण चित्रपट वाडा, चावडी आणि तमाशाच्या फडात रमला. उसाचा फड पार्श्वभूमीला असला तरी त्यातली कोपी आतून कोणी पाहिली नाही.

भाऊराव कऱ्हाडे यांच्या 'ख्वाडा'ने (प्रदर्शन २०१५) भटकंती करणाऱ्या धनगर कुटुंबाला केंद्रस्थानी आणले. त्यातील बाळूला लग्नाची आस आहे. पण ज्याचे बिऱ्हाड मेंढरांमागे चालते त्याला स्वप्नही वाटेवरच पाहावे लागते. प्रेम ही फुरसतीची गोष्ट नसून ठिकाणाची गोष्ट आहे, हे या चित्रपटाने फार साधेपणाने सांगितले.

नागराज मंजुळे यांचा 'सैराट' (२०१६) प्रथम दाखविला गेला तो बर्लिन महोत्सवाच्या 'जनरेशन' विभागात. करमाळ्याच्या परिसरातील आर्ची आणि परश्या जातीची भिंत ओलांडून हैदराबादला पळतात. उत्तरार्धातला हा भाग अनेकांना संथ वाटला. आमच्या मते चित्रपटाचे खरे वजन तिथेच आहे. बुलेटवरून गाव हादरविणारी मुलगी परक्या भाषेत तोंड उघडायला बिचकते, झोपडपट्टीत राहते, बाटल्यांच्या कारखान्यात कामाला जाते आणि हळूहळू तेलुगू शिकते. मराठवाड्याच्या वाचकाला यात आणखी एक पदर जाणवेल. बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. हैदराबाद ही त्याची एकेकाळची राजधानी. आर्चीसाठी मात्र ते पूर्ण परके शहर आहे, आणि परके आहे म्हणूनच तिथे संसार शक्य होतो. तिथे तिचे आडनाव कोणी वाचू शकत नाही.

वाचू शकतात ते फक्त घरचे. फेओ अलादाग यांच्या 'दी फ्रेम्ड' म्हणजे 'परकी' (२०१०) या चित्रपटाच्या अखेरीस बहिणीला मारायला आलेल्या भावाचा सुरा तिच्या कडेवरच्या लेकराला लागतो. आई उरते, मूल जाते. 'सैराट'मध्ये भेटवस्तू घेऊन आलेली माणसे आईबापांना संपवतात आणि मूल उरते. दोन्हीकडे अब्रूचा हिशेब पुढच्या पिढीच्या नावावर चढतो. फरक एवढाच की तिथे सीमा दोन देशांमधली आहे आणि इथे एकाच गावातली. मराठी माणसाला परका व्हायला पासपोर्ट लागत नाही, गावकूस पुरते.

बीडच्या कोयत्यावर थेट आलेला चित्रपट म्हणजे अनंत महादेवन यांचा 'बिटरस्वीट' (२०२०). बुसानच्या महोत्सवात तो दाखविला गेला. ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न त्याने मांडला. याच प्रश्नावर २०१९ साली राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. चित्रपटाचे महत्त्व निर्विवाद आहे. तरीही एक गोष्ट नोंदविली पाहिजे. कोयत्यावरची स्त्री अखेर पडद्यावर आली ती शोषणाची साक्ष म्हणून. पीडिता म्हणून तिला पाहणे आवश्यकच होते. परंतु पीडितेला प्रेम असते, मत्सर असतो, रुसवा असतो, हे सांगण्याची जबाबदारी मागे राहिली. जर्मनीतील तुर्की स्त्रीही प्रथम कोंडलेली बायको म्हणूनच पडद्यावर आली होती. 'चाळीस चौरस मीटर'पासून सिबेलपर्यंत पोहोचायला अठरा वर्षे लागली, आणि त्या काळात कॅमेरा त्या वस्तीतल्या मुलांच्या हाती गेला होता.

आपल्याकडे तो तसा जाण्यात अडचण आहे ती फेरीचीच. हंगामात शाळा सुटते, वर्ष वाया जाते, आणि कोपीत वाढलेले मूल पुष्कळदा कॅमेऱ्याआधी कोयत्यापाशी पोहोचते. साहित्याच्या वर्गात आपण 'ग्रामीण', 'दलित', 'स्थलांतरितांचे' असे कप्पे करतो, तेव्हा एक साधा प्रश्न विचारावासा वाटतो. पहाटे चारला अंधारात मोळ्या बांधणाऱ्या, अठराही न भरलेल्या जोडीचे एकमेकांशी काय नाते असते? उचल फिटेपर्यंत ती जोडी आहे. फिटल्यावरही ती जोडी राहील का, राहावीशी वाटेल का? व्यवहाराने बांधलेल्या लग्नात प्रेम कधी आणि कोणत्या भाषेत उगवते, याचा शोध हॅम्बुर्गच्या सिनेमाने घेतला. पाटोदा-शिरूरच्या कोपीतले उत्तर अजून कोणी चित्रित केलेले आमच्या पाहण्यात नाही. ते चित्रित होईल तेव्हा बहुधा दिग्दर्शकाच्या तळहातावर लहानपणीच्या पाचटाचे ओरखडे असतील.