गारेगार

एप्रिलच्या दुपारी दोन वाजता आमच्या गल्लीत कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. पंखा गरम हवा इकडची तिकडे करत असतो, आमची ही ओला पंचा डोक्यावर टाकून पडलेली असते आणि मी शब्दकोडं हातात घेऊन झोपलो नसल्याचं सोंग करत असतो. अशा वेळी कोपऱ्यावरून हाक येते, "गाऽऽरेगाऽऽर!" सायकलच्या कॅरिअरवर लाकडी पेटी, तिच्या झाकणाचा फटाक् फटाक् आवाज. साठी ओलांडून दहा वर्षं झाली, तरी त्या आवाजाने माझा हात आपसूक खिशाकडे जातो.

नोकरीत होतो तेव्हा हीच हाक माझी वैरीण होती. उन्हाळ्यात शाळा सकाळची. शेवटचा तास विज्ञानाचा, म्हणजे माझा. मी फळ्यावर बर्फाचा अप्रकट उष्मा लिहितोय, एका ग्रॅमला ८० कॅलरी, आणि फाटकाशी पेटीचं झाकण वाजतंय. पोरं फळ्याकडे बघत, कान फाटकाकडे. एकदा चिडून मी एकाला विचारलं, "बर्फ वितळताना उष्णता कुठून घेतो?" तो उठून म्हणाला, "सर, जिभेकडून." मी त्याला खाली बसवला, पण उत्तर बरोबर होतं.

आता रिकामपण आहे, म्हणून शब्दाच्या मागे लागलो. मराठीत 'गार' तीन तऱ्हेची. एक आभाळातून पडते ती, दुसरी गारगोटीतली म्हणजे दगडाची, आणि तिसरं विशेषण, गार पाणी, गार वारा. गारवा, गारठा, गारपीट हा सगळा तिचाच गोतावळा. मला यात गंमत वाटते ती अशी, की आपल्या मुलखात ना बर्फाळ डोंगर, ना गोठणारी तळी. घट्ट झालेलं पाणी आपल्या पूर्वजांनी पाहिलं ते गारेच्याच रूपात, तेही वर्षातून एखाद्या वेळी आणि बहुधा पिकाचं वाटोळं करताना. 'बर्फ' हा शब्द तर फारसी. वस्तूही परकी आणि नावही परकं. "डोक्यावर बर्फ आणि जिभेवर खडीसाखर" असा संसाराचा मंत्र लग्नात वडीलधारे देतात, तो फार पुरातन असेल यावर माझा विश्वास बसत नाही. डोक्यावर ठेवायला बर्फ होता कुठे?

होता, पण बादशहाकडे. अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त पाणी गार करायची युक्ती नोंदवली आहे. पाण्यात सोरा विरघळवायचा आणि त्यात पिण्याच्या पाण्याची बंद सुरई फिरवत राहायची. सोरा विरघळताना उष्णता ओढून घेतो. बंदुकीच्या दारूत भडका उडवणारा तोच सोरा गारवाही देतो, याचं त्यालाही कौतुक वाटलं होतं. पुढे दरबार लाहोरकडे गेला तेव्हा उत्तरेच्या डोंगरांतून बर्फ येऊ लागला. कुल्फी त्याच परंपरेतली. तिचं नाव अरबी 'कुफ्ल'वरून आलं, म्हणजे कुलूप. साच्याला झाकण घालून कडेने कणीक लिंपायची, की झालं कुलूपबंद. आपल्या दाराचं कुलूप आणि मटक्यातली कुल्फी सख्ख्या बहिणभावासारखी आहेत, हे मी हिला मोठ्या उत्साहाने सांगितलं. ती म्हणाली, "म्हणूनच फ्रिजला कुलूप लावते मी." मधुमेह मला आहे.

सामान्यांच्या गावात बर्फ आला तो मात्र थेट अमेरिकेतून, आणि ही गोष्ट मी वर्गात सांगायला हवी होती असं आता फार वाटतं. बोस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर नावाचा खटपट्या व्यापारी. हिवाळ्यात तिकडची तळी गोठतात, त्यांचा बर्फ कापून उष्ण देशांत विकायचा, हे त्याने डोक्यात घेतलं. १८०६ साली मार्टिनिक बेटावर पहिली खेप नेली, तेव्हा लोक हसले आणि त्याला खोटही आली. पण गडी हटला नाही. पुढे घोड्यांनी ओढायचं बर्फ कापायचं यंत्र निघालं, चौकोनी लाद्या निघू लागल्या. चौकोनी लाद्या एकमेकींना चिकटून बसतात, मधे हवा कमी शिरते आणि वितळणं मंदावतं. भोवती भरायला न्यू इंग्लंडच्या लाकूडगिरण्यांतला भुसा. गिरणीवाल्याला तो कचरा, ट्यूडरला सोनं.

मे १८३३मध्ये 'टस्कनी' नावाचं जहाज बोस्टनहून १८० टन बर्फ घेऊन कलकत्त्याला निघालं. विषुववृत्त दोनदा ओलांडत, आफ्रिकेला वळसा घालत चार महिने. सप्टेंबरमध्ये पोचलं तेव्हा सुमारे १०० टन शिल्लक होता. इथे माझ्या ८० कॅलरी कामाला येतात. शून्य अंशाचा एक ग्रॅम बर्फ नुसता वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात एक ग्रॅम पाणी शून्यावरून ऐंशी अंशांपर्यंत तापतं. बर्फ असा चिवट असतो म्हणूनच तो समुद्र ओलांडू शकला. फळ्यावरच्या त्या आकड्यामागे एक जहाज उभं होतं आणि मी पोरांना फक्त आकडा पाठ करायला लावला!

पुढच्याच वर्षी, १८३४ साली, बर्फ मुंबईत आला. जमशेटजी जिजीभॉय यांनी मेजवानीत पाहुण्यांना आईस्क्रीम वाढलं. 'मुंबई समाचार'ने बातमी छापली, की यजमान आणि पाहुणे दोघांनाही सर्दी झाली. मुंबईच्या आईस्क्रीमचा इतिहास असा शिंकेने सुरू होतो. "उन्हातून आल्या आल्या गार पिऊ नकोस" हे आईचं वाक्य त्या बातमीतून निघालं नसेल, पण बातमीदार आईच्या बाजूचा होता हे नक्की. पुढे फोर्टात घुमटाचं बर्फघर बांधलं गेलं. ते आता नाही, त्या जागी कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट आहे. त्या रस्त्याचं आजचं नाव मुंबई समाचार मार्ग. मद्रासचं बर्फघर मात्र अजून समुद्रासमोर उभं आहे. १८९७ साली विवेकानंद तिथे मुक्कामाला होते, म्हणून आता ते त्यांच्या नावाने ओळखलं जातं.

त्या धंद्याने एका लेखकालाही विचारात पाडलं. १८४६-४७च्या हिवाळ्यात थोरो वॉल्डन तळ्याकाठी राहत होता, तेव्हा त्याच्या खोपट्यासमोर ट्यूडरची माणसं बर्फ कापायला आली. आपल्या विहिरीचं पाणी आता मद्रास, मुंबई, कलकत्त्याचे लोक पिणार, असं त्याच्या मनात आलं आणि ते त्याने पुस्तकात लिहिलं.

अमोनियाची यंत्रं आली आणि बोस्टनची जहाजं बंद पडली. कारखान्यात लोखंडी डबे पाण्याने भरून खाऱ्या पाण्याच्या हौदात सोडतात. हौदातलं पाणी शून्याखाली आठ-दहा अंश, तरी मिठामुळे गोठत नाही. डब्यातलं पाणी बाहेरून आत गोठत जातं आणि त्यातली हवा, क्षार सगळं मध्याकडे ढकललं जातं. लादीच्या पोटात तो पांढरा, धुरकट पट्टा दिसतो ना, तो हाच. लहानपणी आम्हाला वाटायचं आत दूध भरलंय. लग्नघरी हातगाडीवरून लादी यायची, गोणपाटात गुंडाळलेली, वर लाकडाचा भुसा. पिंपात टाकण्याआधी ती धुवायचं काम आम्हा पोरांकडे. धुता धुता हाताएवढा तुकडा पळवायचा. तोंडात भुसा यायचा. तो भुसा म्हणजे ट्यूडरचाच वारसा, हे तेव्हा कोण सांगणार?

त्याच खाऱ्या पाण्यात साचे बुडवून, मधे काडी खोचून आईसकांडी होते. लोक म्हणतात, 'कँडी' या इंग्रजी शब्दाची गावठी मोडतोड म्हणजे 'कांडी'. माझा जोरदार आक्षेप आहे. इंग्रजांची कँडी आली फ्रेंचांकडून, त्यांना मिळाली अरबांकडून, अरबांना फारसीतल्या 'कंद'वरून, आणि कंद आला आपल्या 'खंड'वरून. तीच आपली खांड. म्हणजे हा शब्द जग फिरून, गोठून, काडीला लटकून घरी परतला. आपण त्याला खडूची कांडी, उदबत्तीची कांडी यांच्या रांगेत बसवलं, एवढंच.

एक तक्रार. २०१८पासून आपल्या राज्यात खाण्याजोगा नसलेला बर्फ निळा रंगवायचा नियम झाला, म्हणजे मासे टिकवायची लादी सरबतात जाऊ नये. नियम उत्तम आहे. पण आमच्या नातवाला निळ्या रंगाचाच गोळा हवा असतो. त्याला हा कायदा समजावताना माझी पस्तीस वर्षांची मास्तरकी उघडी पडली.

गेल्या आठवड्यात ऐन दुपारी आभाळ भरून आलं आणि गारा पडल्या. पाच मिनिटंच, पण टपोऱ्या. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची द्राक्षबाग आहे. त्याला फोन लावला, तर म्हणाला, "सर, वाचलो, माल मागच्याच महिन्यात उतरवला." तेवढ्यात नातू परड्यातल्या गारा वाटीत गोळा करून आला, वर कोकमाचं आगळ ओतलं आणि मला एक चमचा दिला. कोपऱ्यावर गारेगारवाला पेटी घेऊन वळचणीला उभा होता. त्याने वाटीकडे पाहिलं, मान हलवली आणि नातवाला म्हणाला, "बाळा, माझा धंदा बसवतोस का?"