गाण्यातलं घर आणि रस्त्यावरच्या बाया



दसरा झाला की तमाशाचे फड गाव सोडतात. ट्रकमध्ये कनाती आणि पेटारे, आणि त्यातच दाटीवाटीनं बसलेली माणसं. आज या गावची सुपारी, उद्या त्या गावची जत्रा. हे आपण लहानपणापासून बघत आलो. आज मी सांगणार आहे ते अमेरिकेतल्या आणि इंग्लंडमधल्या अशाच फिरस्त्या गवयांबद्दल, रॉक संगीतवाल्यांबद्दल. रॉक म्हणजे इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रमच्या जोरावर चालणारं, मोठ्या आवाजाचं संगीत. लोकांना वाटतं, यांची नुसती चैन. पण या मंडळींनी स्वतःच्या दौऱ्यांवर जी गाणी केली ती ऐकलीत, तर त्यांत चैन थोडी आणि मजुरी जास्त सापडते.

पॉल सायमन हा अमेरिकन गायक १९६०च्या दशकाच्या मध्याला गिटार घेऊन एकटाच इंग्लंडमध्ये छोट्या छोट्या क्लबांत गात हिंडत होता. उत्तर इंग्लंडात विड्नेस नावाचं गाव आहे. तिथल्या स्टेशनवर गाडीची वाट बघताना त्याला ‘होमवर्ड बाउंड’, म्हणजे ‘घराकडे निघालेला’, हे गाणं सुचलं असं सांगतात. स्टेशनावर तशी पाटीही लावलेली आहे. रोज नवं गाव, सगळी गावं सारखीच, आणि जीव मात्र वाट बघणाऱ्या माणसापाशी. १९६६ साली हे गाणं खूप गाजलं.

१९६९ चं ‘लोडाय’ हे गाणं मला त्याहून खरं वाटतं. लोडाय हे कॅलिफोर्नियातलं गाव, द्राक्षबागांसाठी प्रसिद्ध. गाण्यातला गवई नाव कमवायला घरून निघालाय, पण कार्यक्रम जमत नाहीत, खिशात परतीचं भाडं नाही, आणि दारूच्या तारेत असलेल्या लोकांपुढे गात तो त्या गावात अडकून पडलाय. गंमत म्हणजे गाणं लिहिणारा जॉन फॉगर्टी तोवर त्या गावाला गेलेलाच नव्हता. नाव कानाला बरं वाटलं म्हणून घेतलं, असं त्यानंच सांगितलंय. ह्या फॉगर्टीचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गवयाचं झालं, पण सामान कोण उचलतं? १९७७ साली जॅक्सन ब्राउन नावाच्या गायकानं एक अख्खी तबकडी दौऱ्यावर असतानाच ध्वनिमुद्रित केली. काही गाणी स्टेजवर, काही हॉटेलच्या खोलीत, एक तर चालत्या बसमध्ये. त्यात ‘द लोड-आउट’ नावाचं गाणं आहे, सामान चढवणाऱ्या मजुरांचं. तिकडे त्यांना रोडी म्हणतात. सगळ्यांच्या आधी येणारे, सगळ्यांच्या शेवटी जाणारे, तुटपुंज्या पगारावर राबणारे. टाळ्या वाजवून लोक घरी गेले की रिकाम्या खुर्च्या गोळा करणारे. लग्नात पंगती उठल्यावर मागे राहणाऱ्या बायकांना हे गाणं समजावून सांगावं लागणार नाही.

आणि मग बायकोसाठी केलेली गाणी. ‘जर्नी’ नावाच्या बँडचा पेटीवाला म्हणा, कीबोर्ड वाजवणारा जोनाथन केन. त्यानं दौऱ्यावरच्या बसमध्ये बसून घरी असलेल्या बायकोसाठी ‘फेथफुली’ हे गाणं लिहायला घेतलं. मी कुठेही असलो तरी तुझाच, असा त्याचा भाव. १९८३ साली हे गाणं आलं आणि पुढे लोक आपल्या लग्नातही ते वाजवू लागले. केनचं स्वतःचं ते लग्न मात्र टिकलं नाही.

मला एक गोष्ट खटकते. या बहुतेक गाण्यांत बाई म्हणजे घर. ती दाराशी उभी, वाट बघणारी. तिनं तेवढ्या दिवसांत घर कसं चालवलं, पोरांची आजारपणं कशी काढली, यावर कडवं नाही. आणि दुसरं असं की बायाही त्याच रस्त्यावर होत्या, काही तर या सगळ्या पुरुषांच्या आधीपासून.

सिस्टर रोझेटा थार्प १९१५ साली आर्कान्सा राज्यातल्या कॉटन प्लांट गावी जन्मली. कृष्णवर्णीय कुटुंब. आई चर्चमध्ये गायची, प्रवचन करायची. आईबरोबर फिरता फिरताच ही पोर गिटार वाजवायला शिकली. भजनं गायची, पण गिटार अशी वाजवायची की पुढे रॉकवाल्यांनी तिला आपल्या संगीताची मानलेली आईच म्हटलं. १९४०च्या दशकात ती दक्षिणेकडच्या राज्यांत दौरे करायची तेव्हा तिथे काळ्यांना गोऱ्यांच्या हॉटेलात ना खोली मिळायची, ना ताटावर बसायला जागा. विटाळच तो, आपल्याकडच्यासारखा. न्यू यॉर्कच्या व्हिक्टर ग्रीन नावाच्या पोस्टमननं १९३६ पासून ‘ग्रीन बुक’ हे पुस्तक काढलं होतं. काळ्या प्रवाशाला कुठे थारा मिळेल, याची त्यात गावोगावची यादी असायची. रोझेटानं झोपण्याची सोय असलेली स्वतःची बसच केली. तिच्या साथीला कधी गोरे गायक असत. ते हॉटेलात आत जाऊन जेवत आणि तिचं जेवण बाहेर बसमध्ये आणून देत. जिच्या गाण्याला तिकीट काढून गर्दी व्हायची, ती जेवायची बसमध्ये.

मे १९६४ मध्ये इंग्लंडातल्या मँचेस्टर शहरात टीव्हीवाल्यांनी एका बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनात तिचा कार्यक्रम ठेवला. श्रोते एका फलाटावर, ती समोरच्या फलाटावर. पाऊस आला. तिनं लांब कोट घातलेला, गळ्यात गिटार अडकवली आणि पावसाचंच भजन धरलं. पॉल सायमनला घरची आठवण आली ते विड्नेस तिथून फार लांब नाही. रोझेटा १९७३ साली वारली. कित्येक वर्षं तिच्या थडग्यावर नावाचा दगडसुद्धा नव्हता. रॉक संगीताच्या मानाच्या यादीत तिचं नाव लागलं ते २०१८ साली.

आता टीना टर्नर. तिचा नवरा आइक हाच बँडचा मालक. गाणं तिचं, गर्दी तिच्यासाठी, पैसा त्याच्या हातात, आणि वर मारहाण. जुलै १९७६ मध्ये दौऱ्यावर डॅलस शहरात पोचताना वाटेतच त्यानं तिला मारलं. हॉटेलात तो झोपल्यावर ती बाहेर पडली आणि वाहता हायवे ओलांडून समोरच्या दुसऱ्या हॉटेलात गेली. जवळ ३६ सेंट, म्हणजे चिल्लर, आणि पेट्रोलचं एक कार्ड. तिथल्या मॅनेजरनं खोली दिली. १९७८ च्या घटस्फोटात तिनं पैसाअडका मागितला नाही, फक्त टीना टर्नर हे नाव मागून घेतलं. ती निघून गेल्यामुळे मोडलेल्या कार्यक्रमांची देणी मात्र तिच्या अंगावर आली. मग काय, पुन्हा दौरे. हॉटेलांमधून, मिळेल त्या सुपाऱ्या घेत तिनं ती फेडली. १९८८ साली ब्राझीलच्या मैदानात तिला ऐकायला पावणेदोन लाखांवर माणसं जमली होती.

तिचं एक खूप गाजलेलं गाणं ‘प्राउड मेरी’. शहरातली चाकरी सोडून नदीतल्या बोटीवर निघून गेलेल्या माणसाचं. लिहिलेलं त्याच जॉन फॉगर्टीचं, लोडायवाल्याचं. टीना आणि आइक यांनी १९७१ साली ते आपल्या ढंगात आणलं. सुरुवात संथ, मग एकदम उसळून धावणारं. नवऱ्याला सोडल्यावरही तिनं ते गाणं सोडलं नाही. २००९ साली, वयाच्या ६९ व्या वर्षी, शेवटच्या दौऱ्यातही ती ते नाचत गात होती.

तुमच्या गावात फडाबरोबर किंवा कलापथकाबरोबर फिरलेली कुणी आजी, मावशी असेल तर तिला आपल्या केंद्रावर घेऊन या. मुक्कामाच्या गावी ती कुठे झोपायची, पोर कुणाजवळ ठेवायची आणि बिदागी कुणाच्या हातात पडायची, हे मला तिच्याच तोंडून रेकॉर्ड करायचंय.