तुमच्याकडे कुठली लाइन येते? डायल-अप, डीएसएल आणि केबलची गोष्ट

२००५च्या सुमारास इंदूर असो, बडोदा असो, बंगळूर असो की पुणे, घरात नवा कॉम्प्युटर आला की एक चर्चा हमखास व्हायची. इंटरनेट साधं फोनवरचं घ्यायचं, नवीन निघालेलं ब्रॉडबँड घ्यायचं, की केबलवाल्याकडून घ्यायचं? मग कॉम्प्युटरमधलं कळणाऱ्या एखाद्या भाच्या-पुतण्याला विचारलं जायचं. तो उत्तर द्यायच्या आधी उलट विचारायचा, "तुमच्याकडे कुठली लाइन येते?" आपल्याकडचा घरगुती इंटरनेटचा सगळा इतिहास या उलट प्रश्नात आहे. आज तोच बघू.

सुरुवात डायल-अपपासून. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगम लिमिटेड, म्हणजे व्हीएसएनएल या सरकारी कंपनीनं सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केलं. त्याआधी ते देशात होतं, पण अर्नेटच्या जाळ्यातून आयआयटी आणि मुंबईच्या एनसीएसटीसारख्या संस्थांपुरतं. व्हीएसएनएलनं पहिल्यांदा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास ही चार शहरं घेतली. वेग सेकंदाला ९.६ किलोबिट, आणि व्यक्तीसाठी दर २५० तासांना ५,००० रुपये. म्हणजे तासाला वीस रुपये, आणि त्याशिवाय टेलिफोनचं बिल.

फोनची तार माणसाच्या बोलण्यासाठी टाकलेली. साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच आवाजाचा पट्टा तिच्यावरून जातो. मोडेम काय करायचा, तर कॉम्प्युटरच्या आकड्यांचा आवाज करायचा आणि तो या पट्ट्यात बसवायचा. कनेक्ट होताना ऐकू येणारी ती किरकिर म्हणजे दोन मोडेमची आपसातली बोलणी. मोडेम सुधारत गेले, पण ५६ किलोबिटच्या पुढे ही युक्ती चालेना. प्रत्यक्षात ४० मिळाले तरी नशीब. चार एमबीचं एक गाणं उतरवायला तेरा-चौदा मिनिटं, आणि तोवर घरचा फोन एंगेज.

शिवाय मीटर दोन. एक इंटरनेटच्या तासांचं, दुसरं फोनच्या पल्सचं. आपल्या गावात इंटरनेटचं केंद्र नसेल तर जवळच्या शहराला एसटीडी लावावा लागे. पुढे १७२ने सुरू होणारे क्रमांक आले आणि ते ओझं थोडं हलकं झालं. नोव्हेंबर १९९८मध्ये सरकारनं हे क्षेत्र खासगी कंपन्यांना खुलं केलं, सत्यम ऑनलाइनसारख्या सेवा आल्या आणि तासांचे दर उतरले. स्पर्धा आली असं आपल्याला वाटलं. पण कॉल जायचा तो त्याच टेलिफोनच्या तारेवरून, आणि बहुतेक घरांत ती तार सरकारी होती. स्पर्धा फक्त तारेच्या पलीकडच्या टोकाला होती.

आता केबल. १९९१च्या आखाती युद्धानंतर आपल्याकडे उपग्रह वाहिन्या आल्या आणि गल्लोगल्ली केबलवाले उभे राहिले. एक डिश, एक खोली, आणि या गच्चीवरून त्या गच्चीवर टाकलेली काळी वायर. कायदा आला तो नंतर, १९९५मध्ये. तोवर जाळं पसरून झालं होतं. ज्या घराला फोनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावावा लागला, तिथे केबल दोन दिवसांत आली होती.

पण या जाळ्यात एक मूळची अडचण होती. टीव्हीचा सिग्नल एकाच दिशेनं येतो, केबलवाल्याकडून तुमच्याकडे. वाटेतले अँप्लिफायरही त्याच दिशेचे. इंटरनेटला मात्र परतीची वाट लागते. अमेरिकेतल्या मोठ्या केबल कंपन्यांनी पैसे ओतून जाळं दुतर्फा केलं. १९९७मध्ये केबल मोडेमसाठी डॉक्सिस नावाचं मानक आलं, आणि तिथल्या अनेक शहरांत फोन कंपनीची तार विरुद्ध केबल कंपनीची तार असा खरा सामना झाला. आपल्याकडे हॅथवेसारख्या काही कंपन्यांनी मोठ्या शहरांत तसा प्रयत्न केला. पण बहुतेक ठिकाणी केबल म्हणजे हजारो छोटे व्यावसायिक. एवढं भांडवल आणणार कोण?

मग त्यांनी जुगाड केला. कुठूनतरी मोठी लाइन घ्यायची, इमारतीच्या गच्चीवर किंवा जिन्यात एक स्विच बसवायचा, आणि तिथून ऑफिसात वापरतात तसली नेटवर्कची वायर घरात सोडायची. त्याला आपण 'केबलचं नेट' म्हणालो, पण त्यात टीव्हीच्या केबलचा वापर नव्हताच. होता तो केबलवाल्याचा गच्चीवर चढायचा परवाना आणि घराघरांतली ओळख. हे स्वस्त होतं, आणि फोन नसला तरी चालायचं. मात्र एकाच लाइनवर सगळी वस्ती, त्यामुळे संध्याकाळी वेग बसायचा. ज्या जिन्यात स्विच, तिथली वीज गेली की दहा घरांचं नेट गेलं. पहिल्या वळवाच्या विजेत स्विच जळायचे. पण रविवारी फोन केला तरी पोरगा शिडी घेऊन यायचा, हेही खरं.

तिसरा पर्याय डीएसएल. ही कल्पना १९८०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत बेलकोरच्या जोसेफ लेकलायडर यांनी पुढे नेली. बोलण्याचा पट्टा तसाच ठेवायचा, आणि त्याच तांब्याच्या तारेवर त्याच्या वरच्या लहरी डेटासाठी वापरायच्या. घरात एक छोटा स्प्लिटर लावला की फोनही चालू, नेटही चालू. अट एकच, एक्स्चेंज जवळ हवं. वरच्या लहरी तांब्यात लवकर विरतात, तीन-चार किलोमीटरच्या पुढे वेग झपाट्यानं पडतो.

आपल्याकडे ऑक्टोबर २००४मध्ये ब्रॉडबँड धोरण आलं. २५६ किलोबिट आणि त्यापुढच्या, सतत चालू असलेल्या जोडणीला ब्रॉडबँड म्हणायचं ठरलं. जानेवारी २००५मध्ये बीएसएनएलनं डेटावन आणि मुंबई-दिल्लीत एमटीएनएलनं ट्रायबँड आणलं. पल्सचं मीटर गेलं, पण एमबीचं मीटर आलं. काही योजनांत पहाटे दोन ते आठ मोफत असायचं, म्हणून कितीतरी घरांत दोनचा गजर लावून डाउनलोड चालायचं. मग १ जानेवारी २००७पासून वेग २ मेगाबिटपर्यंत वाढवला. आनंद झाला, पण हिशोब बघा. २५६ किलोबिटनं एक जीबी संपवायला जवळजवळ नऊ तास लागायचे. २ मेगाबिटनं ते काम तासाभरात होतं. मर्यादा छोटी आणि वेग मोठा, म्हणजे बिल फुगायला मोकळं रान. त्या काळात अनेक वडिलांनी मोडेम कुलपात ठेवला, तो काही उगाच नाही.

आता मुद्द्याचं. २००४मध्ये बीएसएनएल आणि एमटीएनएलकडे घरांपर्यंत पोहोचलेल्या सुमारे चार कोटी तांब्याच्या जोड्या होत्या. त्याच वर्षी ट्राय या नियामक संस्थेनं शिफारस केली, की या तारा ठरावीक भाडं घेऊन इतर कंपन्यांनाही वापरू द्याव्यात. म्हणजे तार सरकारी, पण तिच्यावरची सेवा कोणाची घ्यायची ते घरानं ठरवायचं. सरकारनं ते मानलं नाही. यात दुसरी बाजूही होती. या तारा जनतेच्या पैशातून, तोटा सोसून खेड्यापाड्यांत टाकलेल्या, त्या नफ्याच्या शहरांत खासगी कंपन्यांना का द्यायच्या, हा प्रश्न चुकीचा नव्हता. पण घडलं काय? धोरणाचं उद्दिष्ट २०१०पर्यंत २ कोटी ब्रॉडबँड जोडण्यांचं होतं. वर्षअखेर हिशोब निघाला सुमारे १ कोटी १० लाखांचा. लोकांनी लँडलाइन सोडून मोबाइल घेतले आणि तांबं जमिनीत तसंच गंजत राहिलं. तार वाचवण्याच्या नादात तिचा उपयोगच निघून गेला.

म्हणून म्हणतो, डायल-अप, डीएसएल की केबल हा निर्णय आपण घरात बसून घेतला असं वाटत असलं तरी तो आधीच झालेला होता. तार कोणी टाकली, ती कोणाच्या मालकीची आणि ती वापरायची मुभा कोणाला, यावर तो ठरला होता. आज फायबर घेतानाही वेगाचा आकडा बघण्याआधी तोच प्रश्न विचारा: तुमच्याकडे कुठली लाइन येते, आणि ती कोणाची? गंमत म्हणजे आज बीएसएनएलचं फायबरही अनेक ठिकाणी ओढून देतो तो गल्लीतला जुना केबलवालाच. २००४मध्ये जी भागीदारी कागदावर जमली नाही, ती शेवटी शिडीवर जमली. फक्त तोवर चार कोटी तारा हातच्या गेल्या.