थ्री-फेज कनेक्शन आणि ईव्ही चार्जर: सगळा लोड एकाच फेजवर का नको?

घरी थ्री-फेज मीटर आहे म्हणजे इलेक्ट्रिक कार आपोआप फास्ट चार्ज होणार, असं अनेकांना वाटतं. पण तसं नसतं. मीटर, चार्जर आणि गाडी या तिघांचं जुळलं, तरच फायदा होतो.

थ्री-फेज म्हणजे काय?
साध्या कनेक्शनमध्ये एक फेज आणि एक न्यूट्रल असतो, दोघांमध्ये २३० व्होल्ट. थ्री-फेजमध्ये आर, वाय, बी (लाल, पिवळी, निळी वायर) असे तीन फेज आणि एक न्यूट्रल येतो. तिन्ही फेजवर सारखा लोड असेल, तर न्यूट्रलमधला करंट जवळपास शून्य होतो.

चार्जर घेण्याआधी हे गणित बघा
• सिंगल-फेज, ३२ अँपिअर: सुमारे ७.४ किलोवॅट
• थ्री-फेज, प्रत्येक फेजवर १६ अँपिअर: सुमारे ११ किलोवॅट

आता गंमत बघा. गाडीतला ऑनबोर्ड चार्जर सिंगल-फेज असेल, तर ११ किलोवॅटच्या चार्जरवरही ती एकाच फेजचे १६ अँपिअर घेते, म्हणजे फक्त ३.७ किलोवॅट. पैसे जास्त, स्पीड निम्मा! त्यामुळे आधी गाडीचे स्पेसिफिकेशन तपासा.

सोसायटीत काय बिघडतं?
समजा, ३२ अँपिअरचे तीन चार्जर एकाच आर फेजवर जोडले. त्या फेजवर ९६ अँपिअर, बाकी दोन मोकळे. मग ब्रेकर ट्रिप होतो, त्या फेजवरच्या घरांत व्होल्टेज पडतं आणि न्यूट्रल तापतो. त्यात न्यूट्रल सुटला, तर कमी लोडच्या फेजवर व्होल्टेज वाढून टीव्ही, फ्रिज जळू शकतात.

उपाय काय?
पहिला चार्जर आर, दुसरा वाय, तिसरा बी फेजवर घ्या. गाड्या जास्त असतील, तर डायनॅमिक लोड बॅलन्सिंग असलेला चार्जर निवडा. मेन लाइनवरचा सेन्सर करंट मोजत राहतो. लिफ्ट, पंप सुरू झाले की चार्जर गाडीला कमी करंट घ्यायला सांगतो. ६ अँपिअरही देता येत नसेल, तर चार्जिंग थोडा वेळ थांबतं.

लक्षात ठेवा, बॅलन्सिंगमुळे मंजूर लोड वाढत नाही. तो वाढवायला वीज कंपनीकडे अर्ज करावा लागतो. आणि वायरिंग लायसन्स असलेल्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. काम झाल्यावर कोणता चार्जर कोणत्या फेजवर आहे, ते पॅनेलवर लिहून घ्यायला विसरू नका.