आरा मशीन मोजणारा कायदा

पूर्व नागपुरात इतवारीची गर्दी मागे टाकून जुन्या भंडारा रोडकडे निघाले की लाकडाच्या व्यापाराची वस्ती, लकडगंज, लागते. जागा कोणी मुद्दाम निवडली असती तरी याहून सोयीची सापडली नसती. सागवान, बीजा, ऐन, हळदू, शिवण ही सगळी झाडे शहराच्या पूर्वेला आणि दक्षिणेला, भंडारा आणि चांद्याच्या (आजच्या चंद्रपूरच्या) रानात. १८६७ मध्ये मुंबईहून आलेली रेल्वे नागपूरला पोहोचली आणि हे रान बाजाराशी जोडले गेले. पुढे १९०८ मध्ये इतवारीहून उमरेडमार्गे नागभीडपर्यंत छोटी रेल्वे धावू लागली. इतवारी स्टेशन लकडगंजपासून फार लांब नाही. ती छोटी गाडी २०१९ मध्ये रूळ रुंद करण्यासाठी थांबेपर्यंत शंभरावर वर्षे चालली.

इमारतीच्या लाकडाच्या धंद्यात दोन कौशल्ये लागतात: ओंडका पाहून आतला माल ओळखणे आणि तो कमीत कमी नासाडीत चिरणे. यंत्र येण्यापूर्वी हे चिरकाम खड्ड्यावर होई. ओंडका खड्ड्यावर आडवा ठेवायचा, एक माणूस वर उभा, दुसरा खाली, आणि दोघांच्या हातात एकच लांब करवत. खालच्याच्या डोळ्यांत दिवसभर भुसा. मग पट्ट्याची आरा मशीन आली आणि दोघांचे दिवसाचे काम तासांवर आले. कच्छमधून निघालेल्या पाटीदार कुटुंबांनी देशातल्या अनेक शहरांत लाकडाच्या वखारी आणि आरा मशीन उभ्या केल्या, त्यांत नागपूरही आले. गोल लाकडाची खरेदी, चिराई, कटसाईज माल, दारे-खिडक्यांच्या चौकटी, सगळे एकाच वस्तीत मिळू लागले.

सरकारची नजर मात्र या करवतीवर फार आधीच पडली होती. १८६० च्या दशकात रेल्वेच्या स्लीपरसाठी मध्य प्रांतातली साल आणि सागाची राने ठेकेदारांनी बेसुमार तोडली. तोडलेल्या मालापैकी पुष्कळ बाहेर काढताच आला नाही, तो जागेवरच कुजला. कॅप्टन जी. एफ. पिअरसन आणि कॅप्टन जेम्स फॉर्सिथ हे मध्य प्रांताच्या वनखात्याचे सुरुवातीचे अधिकारी. ती उधळपट्टी त्यांच्या डोळ्यांदेखत झाली होती. १८६५ चा पहिला वन कायदा, १८७८ चा अधिक कडक कायदा आणि शेवटी १९२७ चा भारतीय वन अधिनियम या क्रमाने जंगल सरकारच्या मुठीत गेले. यात जंगल वाचवण्याचा हेतू होता, आणि त्याहून मोठा हेतू लाकूड सरकारच्या ताब्यात राहण्याचा होता. गावाने पिढ्यान्‌पिढ्या आणलेला लाकूडफाटा एका रात्रीत गुन्ह्याच्या सावलीत आला. ही बाजू विसरून या कायद्यांचा इतिहास सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल.

१९२७ च्या अधिनियमाचे कलम ४१ आजही वाचण्यासारखे आहे. वन उपजाच्या वाहतुकीचे नियम करण्याचा अधिकार ते राज्याला देते. वाहतुकीचा परवाना, नाके आणि लाकडावर छाप मारायचा हातोडा हे सगळे त्यात आहे. ठरावीक हद्दीत लाकूड चिरण्याचे खड्डे घालायला बंदी करण्याची मुभासुद्धा त्यातच आहे. कारण उघड आहे. उभ्या झाडाचा बुंधा आणि आणलेला ओंडका एकमेकांशी ताडून पाहता येतात. ओंडक्यावर छाप असतो, त्याची लांबी-गोलाई नोंदलेली असते. एकदा तो चिरला की छाप जातो, माप बदलते, आणि फळी सरकारी जंगलातली की शेताच्या बांधावरची हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून कायद्याने चिरण्याच्या जागेवरच पहारा बसवला. १९४२ चे मुंबई वन नियम आणि २०१४ ची महाराष्ट्र वन नियमावली यांतली आरागिरणीच्या परवान्याची कलमे याच विचाराची वारसदार आहेत. किती गोल माल आत आला, किती चिराण निघाले, किती शिल्लक आहे, हे नोंदवहीत दिसले पाहिजे आणि अधिकाऱ्याने मागितले की दाखवता आले पाहिजे.

विदर्भात या पहाऱ्याची गरज खरोखर होती. शेतकऱ्याच्या स्वतःच्या जमिनीवरचे साग तोडायलाही १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाखाली परवानगी लागते. त्या प्रकरणांना सगळे ‘मालकी’ म्हणतात. मालकीचा परवाना हाती असला की त्याच कागदावर शेजारच्या सरकारी रानातले चार ओंडके खपवण्याचा मोह मोठा असतो. असा माल कागदासकट आरा मशीनवर आला तर मशीनवाल्याने तो ओळखायचा कसा, आणि ओळखला तर नाकारायचा कसा, हा प्रश्न नियमांनी कधीच नीट सोडवला नाही.

मोठा धक्का बसला तो दिल्लीतून. तामिळनाडूतल्या गुडलूर भागातली वृक्षतोड पाहून व्यथित झालेले टी. एन. गोदावर्मन तिरुमुलपाद १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. न्या. जे. एस. वर्मा आणि न्या. बी. एन. किरपाल यांच्या पीठाने १२ डिसेंबर १९९६ रोजी देशभर लागू होणारा आदेश दिला: केंद्राच्या मंजुरीशिवाय जंगलात चाललेले प्रत्येक वनेतर काम थांबवा, आणि आरागिरणी हेही वनेतर कामच. तीन महिन्यांनी, ४ मार्च १९९७ रोजी, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश या दोन राज्यांची नावे घेऊन पुढचा आदेश आला. विनापरवाना आरागिरण्या, व्हिनिअर आणि प्लायवूडचे कारखाने ताबडतोब बंद करा, नवा परवाना देऊ नका, अटी सैल करू नका. अंमलबजावणीची जबाबदारी थेट मुख्य सचिवांवर टाकली होती. ऑक्टोबर २००२ मध्ये हीच बंधने देशभर पसरली आणि नव्या आरागिरणीसाठी केंद्रीय उच्चाधिकार समितीची पूर्वपरवानगी सक्तीची झाली.

त्या दिवसापासून आरा मशीनचा जुना परवाना ही वेगळीच वस्तू झाली. आधी तो दरवर्षीचे कागदी काम होता. आता नवा मिळणारच नव्हता, त्यामुळे ज्याच्या भिंतीवर तो टांगला होता त्याची जागा पक्की झाली. चांगले चिरणारा पण कागद नसलेला माणूस धंद्याबाहेर गेला. कागद असलेला, मग त्याचे काम कसेही असो, टिकला. जंगल वाचवण्यासाठी घातलेली बंदी जंगलाच्या दृष्टीने गरजेची होती, यात वाद नाही. मात्र तिने मोजले ते यंत्र. लाकडाचा उगम मोजायची व्यवस्था उभी राहायला आणखी दोन दशके गेली.

दरम्यान बाजाराने आपली वाट शोधली. आयात खुली झाल्यावर आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतला साग, मलेशियाचे कठीण लाकूड, न्यूझीलंडचे पाइन असे ओंडके देशात येऊ लागले. कांडला बंदर त्या व्यापाराचे मुख्य दार बनले. प्लायवूड आणि एमडीएफ घरोघर गेले. अस्सल मध्य प्रांती सागाचा मान मात्र टिकला. बल्लारशाच्या आगारातला साग अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये गेला, तेव्हा चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानाचे नाव पुन्हा देशभर घेतले गेले.

परवाना कोणाच्या हातात असावा, हा प्रश्न विदर्भाने एकदा फार धीटपणे विचारला आहे, आणि तो लाकडाच्या नव्हे, बांबूच्या निमित्ताने. गडचिरोली जिल्ह्यातल्या लेखा-मेंढा गावाने वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळवला होता, तरीही बांबू विकायचा तर वाहतुकीचा पास वनखात्याकडूनच घ्यावा लागे. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि पासचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले गेले. गावाचे नेते देवाजी तोफा यांच्या ग्रामसभेने त्या पुस्तकावर स्वतः सह्या करून बांबू विकला. पुढे नोव्हेंबर २०१७ मध्ये जंगलाबाहेरचा बांबू केंद्राने १९२७ च्या अधिनियमातल्या झाडाच्या व्याख्येतूनच वगळला.

आरागिरण्यांच्या बाबतीत बदल सावकाश आला. ५ ऑक्टोबर २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णयाचा अधिकार राज्यस्तरीय समित्यांकडे सोपवला. ११ नोव्हेंबर २०१६ रोजी केंद्राने काष्ठाधारित उद्योगांची मार्गदर्शक तत्त्वे काढली. प्रधान मुख्य वनसंरक्षकांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने आधी राज्यात लाकूड किती उपलब्ध आहे ते तपासायचे, मगच नवा परवाना द्यायचा. वनहद्दीपासून दहा किलोमीटरच्या आत गिरणी नको, पण नगरपालिकेची हद्द किंवा औद्योगिक वसाहत असेल तर सवलत. महाराष्ट्राच्या वनखात्याचे मुख्यालय नागपुरातच असल्याने ज्या टेबलावर या फायली जातात ते लकडगंजपासून काही किलोमीटरवर आहे.

वाहतुकीचा पासही बदलतो आहे. २९ डिसेंबर २०२३ रोजी देशभरासाठी ऑनलाइन राष्ट्रीय वाहतूक परवाना प्रणाली सुरू झाली. ट्रक राज्याची सीमा ओलांडताना नवा पास काढण्याचा फेरा त्यातून टळावा, अशी तिची आखणी आहे. जून २०२५ मध्ये केंद्राने शेतजमिनीवरील वृक्षतोडीचे नमुना नियम राज्यांकडे पाठवले. शेतकऱ्याने आपली लागवड ठिकाण आणि छायाचित्रांसह पोर्टलवर आधीच नोंदवायची, म्हणजे तोडताना झाड कोणाचे हे सिद्ध करत बसावे लागणार नाही. या कामासाठी नवी समिती नेमलेली नाही. आरागिरण्यांचे परवाने ठरवणारी राज्यस्तरीय समितीच हेही पाहणार आहे.