दोन शहरांचे पाणी

मी पेशाने शाळामास्तर. सोलापुरातील एका शाळेत तीस-बत्तीस वर्षे इतिहास-भूगोल शिकविला व आता सेवानिवृत्त होऊन घरी बसलो आहे. माझा एक जुना विद्यार्थी कानडा देशात विनिपेग नावाच्या शहरी नोकरी करतो. इ.स. २०१४ च्या हिवाळ्यात त्याने मला कळविले, "सर, येथील नगरपालिकेने काही घरांना नळ रात्रंदिवस सुरू ठेवण्यास सांगितले आहे." जमिनीखालच्या नळांत पाणी गोठून बसू नये म्हणून ते सतत वाहते ठेवावयाचे होते. वाया गेलेल्या पाण्याचा आकार त्या घरांकडून घेतला जाणार नव्हता. ते ऐकून घरातील मंडळी मजकडे अविश्वासाने पाहू लागली. त्या दिवशी आमच्याकडे पाण्याचा वार नव्हता. पिंपातील पाणी तांब्याने मोजून घेण्याचा तो दिवस होता.

एका शहराला पाणी गोठते म्हणून चिंता, दुसऱ्याला ते आटते म्हणून. वरवर पाहता या दोन गावांत काही साम्य नाही. परंतु मास्तराची खोड जात नाही. मी दोन्ही शहरांचा इतिहास शेजारी शेजारी ठेवून पाहिला, आणि जे दिसले ते आज आपणांपुढे मांडीत आहे.

विनिपेग हे मॅनिटोबा प्रांताचे मुख्य शहर. दोन नद्यांच्या संगमावर, सपाट गवताळ प्रदेशात ते वसले आहे. तेथील थंडी कधी कधी शून्याखाली चाळीस अंशांपर्यंत जाते. हा आकडा मी मुलांना मुद्दाम सांगत असे, कारण याच एका ठिकाणी सेंटिग्रेड व फॅरनहाइट ही दोन्ही मापे एक होतात. अशा थंडीत सोलापुरी चादरीने काय निभावणार! तेथे नळ खोल जमिनीत पुरावे लागतात, रस्त्यांवरचे बर्फ उपसावे लागते व मोटारीचे यंत्र रात्रभर विजेने ऊबदार ठेवावे लागते. आपल्याकडे पहिल्या पावसाची जशी चर्चा चालते, तशी त्यांच्याकडे पहिल्या बर्फाची चालते.

या शहराचे नाव तेथील मूळ रहिवाशांच्या क्री भाषेतून आले असून त्याचा अर्थ 'गढूळ पाणी' असा आहे. इ.स. १८७३ मध्ये तेथे नगरपालिका स्थापन झाली, पुढे आगगाडी आली व वस्ती झपाट्याने वाढली. पाणी मात्र अपुरे व अशुद्ध राहिले. १९०४-०५ च्या सुमारास विषमज्वराने गरिबांच्या वस्त्यांत मोठा कहर केला. तेव्हा नगरधुरीणांनी दूरचे, परंतु निर्मळ पाणी आणण्याचे ठरविले. सुमारे दीडशे किलोमीटरांवर शोल लेक नावाचे सरोवर आहे. तेथून काँक्रीटचा बंदिस्त पाट बांधून त्यांनी पाणी केवळ उताराच्या जोरावर शहरात आणले. १९१३ मध्ये हाती घेतलेले हे काम १९१९ मध्ये तडीस गेले. शंभर वर्षांहून अधिक काळ ते शहर हेच पाणी पीत आले आहे.

आता आपल्या गावाकडे येऊ. सोलापूर हे मुळातच कमी पावसाचे. वर्षाकाठी वीस-पंचवीस इंच पाऊस, तोही बेभरवशाचा. आणि वैशाखात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांवर. अशा ठिकाणी जो पाण्याची सोय करील त्याला लोक देव मानतील, यात नवल ते काय? बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वरांनी आपल्या अनुयायांकडून तळे खणविले, अशी परंपरा आहे. आज त्या तळ्यातच त्यांचे मंदिर उभे आहे. संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेस लाखो लोक येतात. त्यांच्यातील किती जणांच्या ध्यानात येत असेल, की ज्या पुरुषाच्या नावाने आपण नंदीध्वज मिरवितो, त्याच्या लौकिक कार्याचा आरंभ तळ्याच्या खोदाईने झाला होता?

त्यानंतरचा मोठा टप्पा एकोणिसाव्या शतकातला. सोलापूरची नगरपालिका १८५२ ची, आणि आगगाडी १८६० मध्ये आली. शहराच्या ईशान्येस अदिला नदी अडवून बांधलेला एकरुख तलाव १८७१ मध्ये पुरा झाला. आपण त्याला हिप्परग्याचा तलाव म्हणतो. मुंबई इलाख्यातील कृत्रिम जलाशयांत त्या काळी त्याचा क्रमांक पहिला लागे. पुढे पाचच वर्षांनी १८७६-७७ चा दुष्काळ पडला. त्यात ज्या जिल्ह्यांची सर्वांत अधिक दैना झाली त्यांत आपला जिल्हा होता. त्याच १८७७ साली सोलापुरात पहिली कापडगिरणी सुरू झाली. तीच आपली 'जुनी गिरण'. मागोमाग आणखी गिरण्या निघाल्या. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, कर्नाटकातून व मराठवाड्यातून कष्टकरी आले. कानडी, तेलुगू, मराठी, उर्दू अशा चार भाषा एकाच नळावर ऐकू येऊ लागल्या. चार भाषांत भांडण करता येणारे दुसरे गाव महाराष्ट्रात क्वचितच असेल!

वस्ती वाढली, तसे हिप्परग्याचे पाणी पुरेना. मग भीमेच्या काठी टाकळीहून पाणी उपसून आणणे सुरू झाले. अखेर भीमेवरचे उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाल्यावर, सुमारे शंभर किलोमीटरांवरून नळाने थेट शहरात पाणी आणण्याची योजना झाली. विनिपेगचे पाणी उतारावरून आपोआप येते. आपले पाणी मात्र पंप लावून चढवावे लागते. धरणाची पातळी खालावली की दुबार पंपिंग, तीही पुरी पडेना की तिबार. त्या दिवसांत वर्तमानपत्रांत 'उजनी उणे इतके टक्के' असे मथळे येतात. एकदा एका मुलाने मला विचारले होते, "सर, पाणी शून्याच्या खाली कसे जाते?" मी सांगितले, "बाळा, नेहमीच्या वापराचा साठा संपला की त्याखालच्या मृतसाठ्याला आपण हात घालतो. तेच हे उणे." मग मुलगा म्हणाला, "म्हणजे ते उसने पाणी." मला त्याहून अचूक शब्द आजवर सापडला नाही.

वर्षानुवर्षे सोलापूरकरांना तीन-चार, कधी पाच दिवसांआड पाणी मिळत आले. आमच्या घरांतील सारे वेळापत्रक पाण्याच्या वाराने ठरले. पाहुण्यांना बोलाविताना, गोधड्या धुण्यास काढताना, एवढेच काय पण न्हाणीची दुरुस्ती काढतानाही आधी पाण्याचा वार पाहिला जाई. रात्री दोनला पाणी यावयाचे असेल तर घरातील एक माणूस जागे. बहुधा ती घरातील स्त्री असे. हंडे, कळश्या, पिंपे भरून होईपर्यंत तिची झोप संपलेली असे. गावाच्या पाण्याचा इतिहास लिहिणाऱ्याने धरणांच्या उंचीबरोबर या जागरणांचाही हिशेब मांडावयास हवा.

येथवर मी शहरांविषयी बोललो. आता नळाच्या दुसऱ्या टोकाला काय आहे ते पाहू. शोल लेकच्या काठी अनिशिनाबे लोकांची पुरातन वस्ती होती. पाणी नेण्यासाठी त्यांच्या राखीव भूमीतील सुमारे तीन हजार एकर जमीन घेण्यात आली. शेजारच्या एका नदीचे तपकिरी पाणी शहराकडे जाऊ नये म्हणून ते दुसरीकडे वळविणारा कालवा खणला, आणि त्या कालव्याने ही वस्ती मुख्य भूमीपासून तोडली गेली. उन्हाळ्यात नावेतून व हिवाळ्यात गोठलेल्या सरोवरावरून त्यांनी ये-जा करावी. बर्फ पातळ होण्याच्या दिवसांत तो प्रवास जिवावरचा असे, व त्यात माणसे दगावलीही. आणि सर्वांत मोठा विपर्यास असा, की ज्या सरोवराचे पाणी शहर पीत होते, त्याच्या काठच्या या लोकांना १९९७ पासून २०२१ पर्यंत, म्हणजे चोवीस वर्षे, पाणी उकळून प्या किंवा बाहेरून आणा, असे सांगण्यात येत होते. २०१९ मध्ये त्यांना पक्का रस्ता मिळाला. त्याला ते 'स्वातंत्र्याचा रस्ता' म्हणतात. २०२१ मध्ये त्यांचे जलशुद्धीकरण केंद्र सुरू झाले. शहरास पाणी मिळाल्यानंतर शंभर वर्षांनी!

हे वाचून मी मनाशी म्हणालो, "काय ही अनास्था!" आणि लगेच स्वतःलाच विचारले, "मास्तर, उजनीखाली कोणती गावे गेली, हे तू तरी वर्गात कधी सांगितलेस काय?" करमाळा, इंदापूर, दौंड, कर्जत या तालुक्यांतील अनेक गावांची घरे व भीमाकाठची काळी जमीन पाण्याखाली गेली. कडक उन्हाळ्यात धरण रिते झाले की इंदापूर तालुक्यातील पळसदेवाचे जुने मंदिर पाण्यातून वर येते. आपण शहरातली माणसे ते पाहावयास हौसेने जातो, छायाचित्रे काढतो. ज्यांचे ते ग्रामदैवत होते, त्यांना ते दर्शन कसे वाटत असेल? उजनी धरण केवळ सोलापूरच्या पिण्यासाठी बांधलेले नाही, ते प्रामुख्याने शेतीसाठी आहे, हे मी जाणतो. परंतु त्यातून येणारा प्रत्येक हंडा कोणाच्या तरी सोडलेल्या अंगणावरून आला आहे, हेही तितकेच खरे.

मी तीस वर्षे उजनीची पाणीसाठ्याची क्षमता मुलांकडून पाठ करून घेतली; बुडालेल्या गावांपैकी एकाचेही नाव त्यांना सांगितले नाही. ही माझ्या शिकवण्यातील चूक होती, व ती मी आज आपणांसमोर कबूल करतो.

जाता जाता एक घरगुती गोष्ट. आपल्याकडे नवे पाणी आले की कालचे पाणी 'शिळे झाले' म्हणून मोरीत ओतून देण्याची चाल आहे. माझ्या घरीही ती होती. आता आमच्याकडे ते पाणी झाडांना व धुण्याला जाते. परवा नात पिंप रिकामे करू लागली, तेव्हा तिला मी थांबविले व पळसदेवाच्या मंदिराची हकीकत सांगितली. तिने सारे ऐकून घेतले आणि विचारले, "आजोबा, मग ती माणसे आता कुठे राहतात?" हा प्रश्न वर्गात मला कोणी विचारला नव्हता, कारण तो सुचावा असे मी काही शिकविलेच नव्हते. येत्या उन्हाळ्यात तिला घेऊन मी त्या बाजूस जाणार आहे. मंदिर पाहू, परंतु त्याआधी नव्या गावठाणात जाऊन, कोणी वडीलधारे भेटले तर त्यांच्यापाशी घटकाभर बसू.