मानसिक आजाराच्या इमर्जन्सीत रुग्णाला दुसऱ्या रुग्णालयात का पाठवतात?

घरातला माणूस रात्री अचानक आरडाओरडा करू लागतो, कोणाला ओळखत नाही किंवा जीव देण्याची भाषा करतो. सुकापूरसारख्या वस्तीत अशा वेळी आधी गाठले जाते ते जवळचे छोटे नर्सिंग होम. तिथे बऱ्याचदा "पुढे घेऊन जा" असे सांगितले जाते. कधी ते योग्य असते, तर कधी घाईचे.

पुढे पाठवण्याची मुख्य कारणे

- रात्री मानसोपचारतज्ज्ञ किंवा मनोविकार विभागात खाट उपलब्ध नसणे
- रुग्ण आक्रमक असणे आणि त्याला सांभाळायला प्रशिक्षित कर्मचारी नसणे
- आत्महत्येचा प्रयत्न किंवा तसा गंभीर धोका
- दारू किंवा इतर नशेचा संबंध
- सोबत नातेवाईक नसणे
- खर्चाची अडचण
- पोलीस केसची भीती

यातली पहिली तीन कारणे वैद्यकीय आहेत. भीतीपोटी रुग्ण पुढे ढकलणे मात्र बरोबर नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ नुसार, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते. तिला उपचार मिळायलाच हवेत.

पाठवण्याआधी काय तपासावे?

'वेड्यासारखे वागणे' नेहमी मनाच्या आजारामुळेच होत नाही. रक्तातील साखर कमी होणे, मेंदूज्वर, डोक्याला मार, सोडियम कमी होणे, दारू अचानक बंद होणे किंवा विषबाधा यांतही रुग्ण असाच वागतो. म्हणून नाडी, रक्तदाब, ताप, ऑक्सिजन आणि साखर आधी तपासावी. या तपासण्यांना काही मिनिटेच लागतात. साखर कमी असलेला रुग्ण तसाच ठाण्याला पाठवला, तर वाटेतच जिवावर बेतू शकते.

ताप, झटके, डोक्याची जखम किंवा चाळिशीनंतर पहिल्यांदाच असे वागणे दिसले, तर आधी सर्वसाधारण रुग्णालयच गाठा. कीटकनाशक किंवा गोळ्या घेतलेला रुग्ण शांत दिसला तरी थांबू नका.

कायदा काय सांगतो?

कलम ९४ नुसार जीवाला किंवा इतरांना गंभीर धोका असेल, तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर तातडीचे उपचार देऊ शकतो. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञच हवा असे नाही. नामनिर्देशित प्रतिनिधी हजर असेल तर त्याची संमती घ्यावी लागते. ही मुभा जास्तीत जास्त ७२ तासांची असते. जवळच्या मानसिक आरोग्य संस्थेत नेणे हाही या उपचारांचाच भाग आहे. मात्र या कलमाखाली विजेचे उपचार देता येत नाहीत.

कुठे न्यावे?

पनवेलमध्ये उपजिल्हा रुग्णालय आहे. कामोठ्याच्या एमजीएम वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकार विभागासोबत इतर विभागही असल्याने शरीराचा त्रासही असेल तर ते सोयीचे पडते. ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय प्रामुख्याने मानसिक आजारांसाठी आहे.

नातेवाईकांनी काय करावे?

- १०८ वर ॲम्ब्युलन्स मागवा. आक्रमक रुग्णाला रिक्षात किंवा दुचाकीवर नेऊ नका.
- पुढच्या रुग्णालयात खाट आहे का, हे डॉक्टरांना फोन करून विचारायला सांगा.
- रेफर चिठ्ठीत तपासण्या, दिलेले इंजेक्शन आणि त्याची वेळ लिहून घ्या.
- चालू गोळ्या, जुने कागद आणि ओळखपत्र सोबत ठेवा.
- रुग्णाला एकटे सोडू नका. हात-पाय बांधून किंवा मारहाण करून नेऊ नका.

सल्ल्यासाठी टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक २४ तास सुरू असतो. जीव धोक्यात असेल तर मात्र फोनवर वेळ न घालवता रुग्णालय गाठा.